दोन शहरांच्या मधलं छप्पर

प्लेन्सबोरो हे मध्य न्यू जर्सीतलं गाव टीव्हीच्या बाबतीत मोठ्या अवघड जागी वसलेलं आहे. ईशान्येला साधारण ७० किलोमीटरवर न्यूयॉर्क, नैर्ऋत्येला ६५ किलोमीटरवर फिलाडेल्फिया. न्यूयॉर्कची मुख्य स्टेशनं एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावरून प्रक्षेपण करतात, फिलाडेल्फियाची रॉक्सबरो भागातल्या उंच मनोऱ्यांवरून. नकाशावर रेघा मारल्या तर एक दिशा उत्तरेपासून ४८ अंशांवर येते, दुसरी २४० वर. म्हणजे जवळजवळ पाठीला पाठ. छपरावरच्या अँटेनाचं तोंड एकाच बाजूला, त्यामुळे कुठल्या तरी शहराकडे पाठ फिरवावीच लागते.

त्यावरून घराघरांत पक्ष पडलेले असतात, मराठी घरंही त्याला अपवाद नाहीत. फुटबॉलच्या मोसमात रविवारी न्यूयॉर्कचं फॉक्स बहुधा जायंट्सची मॅच दाखवतं आणि फिलाडेल्फियाचं फॉक्स ईगल्सची. आमच्या गल्लीतले काका जायंट्सचे, त्यांचा मुलगा ईगल्सचा. केबलचं बिल पाहून काकांनी केबल तोडली आणि अँटेना बसवायचं ठरवलं. ओळखीपाळखीत हा उद्योग मी हौसेने करतो, म्हणून बोलावणं मला आलं. घरांच्या असोसिएशनची परवानगी लागेल का, ही काकूंची पहिली शंका. लागत नाही. स्वतःच्या घरावर टीव्हीचा अँटेना लावायला असोसिएशन मनाई करू शकत नाही, असा इथल्या केंद्रीय दूरसंचार आयोगाचा १९९६ सालचा नियम आहे. काकूंनी तो माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

आधी दिशा. फोनमधलं होकायंत्र उघडून सरळ ४८ वर तोंड केलं की काम फसतं. इथं चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या १२ अंशांहून थोडी जास्त पश्चिमेला सरकलेली आहे, त्यामुळे साध्या होकायंत्राची सुई न्यूयॉर्कसाठी ६० च्या आसपास दिसायला हवी. पुण्यात हा फरक जवळजवळ नसतोच, म्हणून तिकडे कुणाला त्याची सवय नसते. फोनच्या सेटिंगमध्ये ‘खरी उत्तर’ निवडता येते. पण लोखंडी काठीजवळ फोन नेला की तोही बहकतो. मी चार पावलं लांब उभा राहून दिशा घेतो, त्या रेषेवर समोरचं एखादं झाड किंवा धुराडं हेरतो आणि शिडीवर चढल्यावर फक्त त्या खुणेकडे बघतो. शिडी लावण्याआधी विजेच्या तारा कुठून जातात ते पाहायचं. अँटेना कलंडला तरी तारांपर्यंत पोचता कामा नये.

काकांच्या अँटेनावर दोन तऱ्हेच्या दांड्या होत्या. आखूड दांड्या यूएचएफसाठी. ५०० मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी ३० सेंटिमीटर होते. लांब दांड्या ७ ते १३ या व्हीएचएफ चॅनलांसाठी, तिथे ती पाऊण मीटरच्या घरात जाते. इथं एक गंमत आहे. पडद्यावर दिसणारा नंबर आणि लहरी ज्या चॅनलवरून येतात तो नंबर, यांचा मेळ असेलच असं नाही. न्यूयॉर्कचं ‘चॅनल २’ प्रत्यक्षात ३६ वर येतं, ‘१३’ हे १२ वर येतं, आणि ‘७’ मात्र खरोखर ७ वर आहे. दुकानात ‘फक्त यूएचएफ’ लिहिलेला सुबक, चपटा अँटेना घेऊन आलेली माणसं ७ नंबर का दिसत नाही म्हणून कपाळाला हात लावतात.

काका सदाशिव पेठेत वाढलेले. पुण्याला १९७३ पासून मुंबईचं दूरदर्शन सिंहगडावरून मिळू लागलं. पेठांतून सिंहगड सरळ रेषेत २० किलोमीटरच्या आतच, त्यामुळे निरभ्र दिवशी मनोरा नुसत्या डोळ्यांनी दिसायचा आणि अँटेना तिकडे रोखायला होकायंत्र लागत नसे. तरी एक माणूस गच्चीत, एक जिन्यात आणि एक टीव्हीसमोर अशी साखळी लागायची. “आलं का?” “मुंग्या आहेत!” “आता?” “आलं, आलं... गेलं! मागे घ्या थोडं!” मी शिडीवर चढताच काकांनी खालून हीच आरोळी ठोकायला सुरुवात केली आणि काकू दिवाणखान्यातून उत्तरं देऊ लागल्या. “दिसतंय!” मी पाच-सात अंश फिरवलं. “दिसतंय!” आणखी फिरवलं. “दिसतंय की हो, पुरे करा आता.” पुढच्या हिसक्याला चित्राच्या चौकोनी चिंध्या झाल्या आणि पडदा काळा.

सगळी मेख इथेच आहे. जुन्या ॲनालॉग टीव्हीचं चित्र हाच मीटर होता. मुंग्या वाढल्या की सिग्नल दुबळा, माणसाच्या शेजारी त्याचं फिकट भूत दिसलं की एखाद्या भिंतीवर आपटून आलेली लहर उशिरा पोचतेय. चित्र बिघडता बिघडता कुठे वळायचं ते सांगायचं. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठ्या स्टेशनांचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं आणि ती सोय गेली. डिजिटल सिग्नल गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर असेल तोवर चित्र निर्दोष. तो १६ वर असो की ३० वर, काकूंना सारखंच ‘दिसतंय’. १५ च्या खाली गेला की काहीच नाही. चांगल्या चित्रावर विसंबून नट आवळला तर अँटेना कड्याच्या टोकावर उभा आहे की पठारावर, हे कळायला मार्ग नसतो. पहिल्या पावसात कळतं.

म्हणून डोळे पडद्यावरून काढून आकड्यांवर ठेवायचे. घरच्या नेटवर्कला जोडलेला ट्यूनर फोनवर आकडे दाखवतो: सिग्नल किती जोरकस आहे आणि किती स्वच्छ आहे, हे वेगवेगळं. नवखा माणूस जोराच्या मागे लागतो. प्रत्यक्षात जोर ९० आणि स्वच्छता ५० असेल तर ते लक्षण वाईट. शेजारच्या घरावरून परतलेल्या लहरीही त्या जोरात मिसळलेल्या असतात. दोन-तीन अंश तिरकं केल्यावर जोर थोडा उतरला आणि स्वच्छता वर गेली तर मी बिनदिक्कत तिरकं ठेवतो. अँटेनाचं तोंड मनोऱ्याकडे तंतोतंत असावं हा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

आणखी एक पथ्य: हिसका देऊन लगेच आकडा वाचू नये. ट्यूनरला नव्या दिशेशी जुळवून घ्यायला काही सेकंद लागतात. फिरवा, हात काढा, अंग बाजूला घ्या, थांबा, मग वाचा. घाईच्या माणसाला हे काम जमत नाही.

कमाल आकडा शोधत बसण्यापेक्षा मी दोन्ही कडे शोधतो. शिखर सपाट असतं, त्यावर नेमका मध्य हाताला लागत नाही. चित्र तुटण्याची जागा मात्र नेमकी लागते. आधी डावीकडे फिरवत नेलं, चित्र तुटलं तिथे काठीवर मार्करने रेघ मारली. मग उजवीकडे तेच. दोन रेघांच्या मधोमध अँटेना आणला. हे करायचं सगळ्यांत दुबळ्या स्टेशनावर. दणकट स्टेशनं कशीही येतात. काकांकडे दुबळा निघाला १२, म्हणजे त्यांचा ‘१३’, सार्वजनिक टीव्हीचा. काकूंना नेमका तोच हवा होता, त्यामुळे जायंट्सना थोडं नमतं घ्यावं लागलं.

“बूस्टर लावला की झालं ना?” काकांचा प्रश्न. बूस्टर सिग्नल निर्माण करत नाही. अँटेनापाशी जे आलंय, गोंगाटासकट, ते मोठं करतो आणि स्वतःचा थोडा गोंगाट वर घालतो. त्याचा उपयोग केबलमधली गळती भरून काढायला. ३० मीटर केबलमध्ये यूएचएफच्या वरच्या टोकाला साधारण ६ डेसिबल जातात, म्हणजे तीन चतुर्थांश ताकद. म्हणून तो टीव्हीमागे लावण्यापेक्षा वर काठीवर, अँटेनाला खेटून लावायचा. काकांची केबल आखूड, त्यांना नकोच होता. लोकांनी बूस्टरवर जितके पैसे घातलेत तितक्यात काठी चार फूट उंच झाली असती, असं माझं मत आहे.

दिवस मार्चचे, झाडं निष्पर्ण. ईशान्येला ओकची रांग आहे, मे महिन्यात तिला पालवी फुटली की ओली पानं यूएचएफ खातात. तेव्हा आजच्या आकड्यांत शिल्लक ठेवणं भाग होतं. ती ठेवली, नट आवळले, काठीला तांब्याची तार जोडून घराच्या अर्थिंगला नेली, आणि भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकेल, घरात शिरणार नाही.

संध्याकाळी मुलगा आला. “आणि फिलाडेल्फिया?” दोन अँटेना एकाच केबलला जोडले तर एकाच स्टेशनाच्या लहरी दोन वाटांनी पोचतात आणि एकमेकींना खोडतात. दुसरा अँटेना, दुसरी केबल आणि मध्ये एक बटण, हाच सरळ मार्ग. त्यातही तिथलं ‘चॅनल ६’ खरोखर ६ वर आहे, तिथे अर्धी तरंगलांबी पावणेदोन मीटरला जाते, म्हणजे चांगल्या लांब दांड्यांचा अँटेना हवा. शिवाय घरातल्या स्वस्त एलईडी दिव्यांचा गोंगाट या खालच्या चॅनलांना जास्त छळतो, ते दिवे बदलावे लागतील. मुलाने खर्चाचा हिशेब केला, हो म्हणाला. काकांची एकच अट होती: बटण त्यांच्या खुर्चीशेजारी बसवायचं.