कृत्रिम क्षितिज

कर्जत स्थानकावर पुण्याकडे जाणारी गाडी थांबते ती घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिनं जोडून घ्यायला. त्या थांब्यात खिडकीशी वडा खात बसलेलं असताना शेजारच्या रुळावरची गाडी हलते आणि क्षणभर वाटतं, आपलीच सुटली. दुसऱ्या खिडकीतून फलाटावरचा खांब पाहिला की उलगडा होतो. खोपोलीत वाढल्यामुळे हा चकवा मला लहानपणापासून ओळखीचा. विमानातली उपकरणं उड्डाणात बिघडली तर काय होतं, हे वाचू लागलो तेव्हा तोच आठवला. वैमानिकाला शोधायचा असतो तो हा खांब.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'एम्परर अशोका' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं. किनारा ओलांडून त्याने उजवीकडे वळण घेतलं आणि ते पुन्हा सरळ झालं. कप्तानासमोरचं यंत्र मात्र विमान उजवीकडेच कललेलं दाखवत राहिलं. कप्तानाने ते डावीकडे वळवलं, आणखी वळवलं. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ जणांपैकी कुणीही वाचलं नाही.

ते यंत्र म्हणजे कृत्रिम क्षितिज. वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, मध्ये विमानाची खूण. उजेडी आकाशात खरं क्षितिज समोर असतं. अंधाऱ्या समुद्रावर समुद्र आणि आकाश एकच. अशा वेळी शरीराची साक्ष उपयोगाची नाही. वळण संथ आणि लांब असेल तर आतल्या कानातला द्रव थोड्याच वेळात विमानाबरोबर फिरू लागतो आणि माणसाला वाटतं, आपण सरळ चाललो आहोत.

म्हणूनच एकाच कामाची तीन यंत्रं असतात : कप्तानासमोर एक, सहवैमानिकासमोर दुसरं, आणि एक राखीव. दोन जुळली की न जुळणारं तिसरं खोटं मानायचं. शिवाय उंची, वेग, दिशा यांची वेगळी यंत्रं पडताळ्याला असतातच. त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणात फ्लाइट इंजिनिअर 'त्या यंत्रावर जाऊ नका' अशा अर्थाचं सांगताना ऐकू येतो. पण उशीर झाला होता. कप्तानाला दोष देणं सोपं आहे. मला खांबाकडे बघायला कर्जतला भरपूर वेळ मिळतो. त्याच्याकडे सेकंद होते. रेल्वेचा सिग्नल बिघडला तर तो लाल होतो आणि गाडी उभी राहते. हवेत उभं राहण्याची सोय नाही.

त्यामानाने रेडिओ बंद पडणं सुसह्य. आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, बोलणं शेवटी, हा क्रम वैमानिकाच्या अंगवळणी पाडलेला असतो. ट्रान्सपाँडरवर ७६०० हा आकडा लावला की रडारवाल्याला कळतं, हा बोलू शकत नाही. ढगांतून चाललेला वैमानिक ठरलेल्या वाटेनेच पुढे जातो. म्हणजे तो कुठे असेल हे खालच्यांना ताडता येतं आणि बाकीची विमानं बाजूला ठेवता येतात. विमानतळ दिसत असेल तर मनोऱ्यावरून दिव्याने खुणा होतात : स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. उत्तर म्हणून दिवसा पंख हलवायचे, रात्री दिवे लुकलुकवायचे.

खालापूरच्या आभाळात रात्री मुंबईकडे उतरणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. आषाढात ढग डोंगरापर्यंत खाली आले की नुसता आवाज येतो. आतल्यांनाही तेव्हा बाहेरचं काही दिसत नसतं.