शिवराईचा संग्रह : काय पाहावे, काय जपावे

मध्ययुगीन नाणी जमवायची म्हटली की नजर आधी सोन्याकडे जाते : यादवांचे पद्मटंक, विजयनगरचे वराह, छत्रपतींचा होन. नव्या संग्राहकाला मी मात्र तांब्याची शिवराईच सुचवेन. तिचे साधे प्रकार आजही बेताच्या पैशांत मिळतात, तिच्यावरची अक्षरे मराठी माणसाला कुणाला न विचारता लागतात आणि तिचे बारकावे इतके आहेत की वर्षानुवर्षे पाहतच राहावे.

नाण्यावर काय असते

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यांच्या नावाने सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली गेली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसरीकडे दोन ओळींत ‘छत्र / पति’ आणि भोवती ठिपक्यांचे वलय. चित्र नाही, लांबलचक बिरुदे नाहीत. आसपासच्या आदिलशाही, कुतुबशाही आणि मुघल नाण्यांवर अरबी-फारसी मजकूर असे. त्या गर्दीत देवनागरीतली ही मोजकी अक्षरे म्हणजे सार्वभौमत्वाची उघड घोषणा होती. होन आज फारच थोडे उरले आहेत. शिवराया मात्र भरपूर आहेत.

राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर होता. ईस्ट इंडिया कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत, असे एक कलम त्याला तहात हवे होते. महाराजांना ते अनावश्यक वाटले. कोणत्याही नाण्याला आपली बंदी नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घ्यायला आपण तिला भाग पाडणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. नाणे आपल्या वजनावर आणि धातूवर चालावे, हा व्यवहार त्यांना नेमका कळलेला होता.

महाराजांची की नंतरची?

बाजारात दिसणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या काळातल्या नसतात. संभाजी महाराज आणि राजाराम महाराज यांच्या नावांची नाणी आहेत, पण ती विरळा. पुढे पेशवाईतही नाणे पडत राहिले ते ‘राजा शिव’ याच नावाने. टांकसाळी मक्त्याने दिल्या जात, जागोजागी नाणी पडत, आणि पेशवाई बुडाल्यावरही काही काळ शिवराई चलनात होती. पिढ्यान्पिढ्या लोकांनी एकाच राजाच्या नावावर विश्वास ठेवून व्यवहार केला. म्हणून ‘नंतरची निघाली’ याचे वाईट वाटून घेण्याचे मला कारण दिसत नाही.

ओळखायची पहिली खूण मागच्या बाजूला असते. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे उत्तरकाळची. जुन्या नाण्यावर या रेघा नसतात. मात्र रेघा नाहीत एवढ्यावरून नाणे थेट महाराजांचे ठरत नाही. पुढच्या छत्रपतींच्या काळातही तसे ठसे होते.

दुसरी खूण वजन. जुनी शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते, नंतरच्या बऱ्याच हलक्या. शिवाय अर्धी शिवराई आणि दुप्पट मोलाचा ढबू वेगळा.

खरी मजा अक्षरांत आहे. कुठे ‘शिव’ तर कुठे ‘सिव’, कुठे ‘पति’ तर कुठे ‘पती’. ‘श्री’चे वळण, ठिपक्यांची जाडी, मोकळ्या जागेत कोरलेली छोटी चिन्हे. ठसा प्रत्येक कारागीर आपल्या हाताने कोरी आणि तांब्याची चकती बहुधा ठशापेक्षा लहान असे. त्यामुळे सगळी अक्षरे पूर्ण आलेले नाणे क्वचितच मिळते. एकाच ठशाची दोन-तीन नाणी शेजारी ठेवली की एकावर कापलेले अक्षर दुसऱ्यावर सापडते.

घेताना

नकली नाणे बहुतेक वेळा ओतीव असते. भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, कधी काठावर साच्याची रेघ राहते. दोन नाण्यांवर ओरखडेसुद्धा हुबेहूब सारखे असतील तर दोन्ही सोडून द्या. दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि दहापट भिंग एवढे भांडवल पुरते. ‘खास महाराजांच्या हातची’ असे सांगून चढा भाव मागितला तर आधी नाणे वाचावे, मग विक्रेत्याचे ऐकावे.

धुऊ नका

चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांनी जितकी नाणी खराब झाली तितकी मातीनेही झाली नसतील. तांब्यावर शतकांनी चढलेला तपकिरी किंवा गडद हिरवा थर त्याचे संरक्षण करतो, शिवाय तो अस्सलपणाचा पुरावाही असतो. चकचकीत केलेल्या शिवराईची किंमत उतरते आणि ठशाचे बारकावे कायमचे जातात. माती फारच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही दिवस भिजवून मऊ ब्रशने हलकेच काढावी आणि नाणे पूर्ण कोरडे करावे.

भुकटीसारखी फिकट हिरवी बुरशी वाटावी असे काही दिसले तर सावध व्हावे. तो क्षारांमुळे होणारा नाण्याचा रोग असतो आणि दमट हवेत तो वाढतो. ते नाणे लगेच वेगळे ठेवावे. पीव्हीसीची मऊ पाकिटे तांब्याला खातात, म्हणून आम्लरहित कागदी पाकिटे वापरावीत आणि डब्यात सिलिका जेल ठेवावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ते वेळोवेळी बदलावेच लागते.

नोंद

वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो, आणि नाणे कुठून आले. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. कोणत्या ठशाची नाणी कोणत्या भागात सापडतात, यावरूनच टांकसाळींचा माग लागतो. जुन्या घरातल्या मडक्यातली नाणी प्रकारांनुसार वाटून टाकली की तो धागा तुटतो. अशी एकत्र आलेली नाणी एकत्रच ठेवावीत.

कायदा आणि पाहण्याची ठिकाणे

जमिनीत सापडलेले धन भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ खाली येते. त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. किल्ल्यांवर मेटल डिटेक्टर घेऊन खणणे तर सर्वस्वी अयोग्य. शंभर वर्षांहून जुने नाणे खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. १९७२च्या पुरावशेष कायद्याने त्याला मनाई आहे. परदेशी राहणाऱ्या आप्तांना भेट देण्याआधी हे ध्यानात असावे.

खरेदीपूर्वी अस्सल नाणी डोळ्यांखालून घालायची असतील तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे नाणेदालन आणि फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे संग्रहालय पाहावे. अभ्यास पुढे न्यायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.