पुरलेले मडके

जुलैमध्ये शाळेच्या आवारात लावलेली रोपे पुष्कळदा मे महिन्याच्या सुट्टीत वाळून जातात. मार्चपर्यंत मुले आळ्यात बादलीने पाणी घालतात, पुढे घालणारेच कोणी नसते. परसबागेचीही, घरची मंडळी गावाला गेली की, हीच गत होते. मात्र दोष केवळ सुट्टीचा नाही. आळ्यात ओतलेल्या पाण्यापैकी बरेचसे वरच्या चार बोटे मातीतच राहते आणि उन्हाने वाफ होऊन उडून जाते. त्यावर फोफावते ते तण. मुळांच्या वाट्याला थोडेच येते.

यावर जुना उपाय आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात चीनमधील फान शंगझी यांनी शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात मातीची मडकी जमिनीत पुरून भोवती वेल लावण्याची कृती दिलेली आहे. झिलई किंवा रंग न दिलेले मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे व तोंडावर परळ ठेवावा. परळ हवाच, नाहीतर डास अंडी घालतात.

भाजलेल्या मातीत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. माठ बाहेरून पाझरतो आणि पाणी गार होते ते त्यांच्यामुळेच. मडके पुरले की या छिद्रांचा भोवतालच्या मातीशी संबंध येतो. कोरडी माती पाणी जोराने ओढून घेते. ती ओली झाली की ओढ कमी होते आणि झिरपणे मंदावते. मुळांनी पाणी शोषले की माती पुन्हा सुकते आणि मडके पुन्हा पाझरू लागते. किती पाणी द्यायचे हे एक प्रकारे झाडच ठरवते. पृष्ठभाग मात्र कोरडा राहतो, म्हणून बाष्पीभवन कमी आणि तणही कमी.

काळ्या मातीला भेगा पडल्या की हा संबंध तुटतो. तेथे मडक्याभोवती पोयटा व शेणखत दाबून भरावे. गढूळ किंवा तेलकट पाणी वापरू नये, छिद्रे बुजतात. क्षारयुक्त पाण्यानेही कालांतराने तेच होते.

पाणी आणायचे कोठून? २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळातून दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सुमारे ४.३ लिटर पाणी जाते. एक मध्यम मडके त्यात भरते! नळाचा वायसर आधी बदलावा हे खरेच; तोवर खाली बादली ठेवावी.

वर्गात एक प्रयोग करता येईल. सारख्या आकाराची तीन मडकी घ्यावीत. एक कोरड्या मातीत पुरावे, दुसरे ओल्या मातीत, आणि तिसरे बाहेरून तैलरंग लावून कोरड्या मातीत. रोज ठराविक वेळी पट्टीने पाण्याची पातळी मोजावी. एप्रिलच्या आरंभी रोपांजवळच्या मडक्यांचीही अशीच नोंद घेतली, म्हणजे सुट्टीत गावातल्या मुलांनी किती दिवसांनी चक्कर टाकायची ते ठरवता येईल.