आधी गवत, मग चंदी

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठी, सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. उमद्या घोड्याभोवती गर्दी जमली की चाल आणि उंचीपाठोपाठ खुराकाची चर्चा रंगते. रोज इतके दूध, इतके तूप, गूळ, बाजरी, अंडी. मालकाची माया खरी असते, यात शंका नाही. पण तीन-चार वर्षांच्या पुढच्या घोड्याला दुधातली साखर धड पचत नाही. आणि या यादीत गवताचे नाव सहसा कोणी घेत नाही. रपेटीचा असो, अडथळ्यांवरून उड्या मारणारा असो की लांब पल्ल्याच्या स्पर्धेतला, घोडा तगतो तो गवतावरच.

याचे कारण त्याच्या पोटात आहे. जवळपास 500 किलोच्या या जनावराचे जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचे. मोकळ्या माळावर घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास थोडे थोडे चरत असतो आणि जठरही त्याच बेताने चालते. त्यात आम्ल चोवीस तास झिरपते. त्या आम्लाचा जोर मोडणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. सकाळ-संध्याकाळ चंदीचा तोबरा आणि मधले तास रिकामी गव्हाण, अशा शिरस्त्यात ठेवलेल्या घोड्याच्या जठराला व्रण पडतात. शर्यतीची तालीम घेणाऱ्या घोड्यांत हे दुखणे फार आढळते.

गवताचे खरे पचन पुढे, मोठ्या आतड्यात होते. तिथे असंख्य सूक्ष्मजंतू चोथा आंबवतात आणि त्यातून घोड्याला तासन्‌तास ऊर्जा मिळत राहते. एकदम भरपूर दाणा घातला तर लहान आतड्यात न पचलेले पिष्ट इथवर येते, भलतेच जंतू माजतात, आम्लता वाढते. मग पोटशूळ उठतो, किंवा खुराच्या आतले नाजूक पडदे सुजतात. या सुजेला डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात. घोडा पुढचे पाय लांब टाकून, भार टाचांवर घेऊन उभा राहतो. नालबंदाला बोलावले जाते, पण चूक गव्हाणीत झालेली असते.

म्हणून हिशेब साधा ठेवावा. वजनाच्या किमान दीड टक्का सुका चारा, म्हणजे 500 किलोच्या घोड्याला साडेसात किलो. काम वाढेल तशी चंदी वाढवावी, पण एका वेळी दोन किलोंच्या वर नको; लागलीच तर दिवसातून तीन-चारदा विभागून. खाणे बदलायचे तर आठ-दहा दिवसांत हळूहळू, कारण आतड्यातल्या जंतूंना नव्या अन्नाची सवय लागायला वेळ लागतो. दाण्यांत ओट सर्वांत सोसणारे: त्यांत चोथा असतो आणि त्यांचे पिष्ट मक्यापेक्षा लवकर पचते. बुरशी लागलेला मका मात्र घोड्याच्या मेंदूवर उठतो, पावसाळ्यात तर पोते उघडून नीट हुंगल्याशिवाय वापरू नये.

आपल्याकडे घोड्याचा चारा बहुधा गाईम्हशींच्या चाऱ्यातूनच येतो, आणि गफलत तिथे होते. संकरित नेपिअर दुभत्या जनावरांसाठी गावोगाव लावलेले असते. त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते. गाईच्या कोठीपोटातले जंतू ते बरेचसे मोडतात, घोड्याला ती सोय नाही. वर प्रेमाने गव्हाचा कोंडा घातला तर आणखी पंचाईत, कारण कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदीच थोडे. महिनोन्‌महिने असे चालले तर शरीर हाडांतले कॅल्शियम ओढू लागते, जबडा नि चेहरा फुगतो, घोडा कारण न कळता लंगडतो. लसूणघासात कॅल्शियम चांगले असते, तो सोबत द्यावा. नुसत्या नेपिअरवर घोडा पोसू नये. हिरवी ज्वारी तर घोड्याला नकोच. ती चरून मागचे पाय लुळे पडतात आणि मूत्राशयावरचा ताबा जातो. कोंबड्या-गुरांच्या तयार खाद्यात कधी मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. घोड्याच्या हृदयाला ते विषच.

युरोपात ओझ्याच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना रविवारची सुट्टी मिळे, खुराक मात्र रोजचाच. सोमवारी जुंपले की थोडे अंतर जाताच घोडा घामाने डबडबे, पुठ्ठ्याचे स्नायू ताठ होत, लघवी तपकिरी होई. सोमवार सकाळचा आजार असेच त्याचे नाव पडले. आपल्या जुन्या कोड्यातला घोडा न फिरवल्याने अडतो. हा अडे न फिरवता खाऊ घातल्याने. स्पर्धेच्या घोड्याला विश्रांती दिली त्या दिवशी चंदी निम्म्यावर आणावी, गवत तेवढेच ठेवावे आणि त्याला थोडे चालवावे.

घामाचे गणित माणसाहून वेगळे आहे. घोड्याच्या घामात रक्ताहूनही जास्त क्षार असतात. कडक उन्हात जोराच्या कामात तासाला दहा लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो, आणि पाण्याबरोबर क्षारही गेल्याने तहानेची जाणीव मात्र उशिरा होते. रोज साधारण 30 ग्रॅम मीठ हवेच, घाम गाळल्यावर त्याहून जास्त. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतले तर स्नायू आखडतात, ही समजूत 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या अभ्यासांत टिकली नाही. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य ठोके मोजतात. ठरल्या वेळेत ते मिनिटाला साधारण 64 वर उतरले नाहीत तर घोडा तिथेच बाद. शांत उभ्या घोड्याचे ठोके 28 ते 44 असतात.

चांगला मोतद्दार खराऱ्याआधी लीद बघतो. गोळे घट्ट, ओलसर, हातात सहज फुटणारे हवेत. फोडल्यावर आत अख्खे दाणे दिसले तर दाताकडे बघावे, कारण घोड्याचे दात जन्मभर वर येत राहतात, त्यांच्या कडांना धार चढते, गाल सोलवटतात आणि चावणे अर्धवट राहते. वर्षातून एकदा तरी कानस लावून ते समतल करून घ्यावेत. मग बरगड्यांवरून हात फिरवावा: दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात.

आणि ज्या दिवशी तो खाणे सोडून पुन्हा पुन्हा कुशीकडे बघतो, पुढच्या पायाने जमीन खरवडतो, खाली बसून लोळू पाहतो, त्या दिवशी वाट पाहू नये. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे जठर फुगले तर फुटण्याचा धोका असतो. गव्हाण रिकामी करावी, डॉक्टरांना तातडीने बोलवावे, ते येईपर्यंत झेपेल तेवढे सावकाश चालवावे. बाटलीने तेल पाजण्याचा घरगुती उपाय करू नये. ते फुप्फुसात जाते. तेल द्यायचेच तर डॉक्टर ते नाकातून नळी घालून थेट जठरात सोडतात.