चढाईपटूचे मोल कोण ठरविणार?

पावसाळा सरला की पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसरात कबड्डीचे दिवस सुरू होतात. भोसरी, मोशी, चिखली ही एके काळची गावे आज कारखान्यांनी वेढली गेली आहेत. पण शेते गेली तरी कबड्डी गेलेली नाही. प्रकाशझोतात रात्री उशिरापर्यंत सामने रंगतात. चढाई करणारा तरुण बहुधा एखाद्या महाविद्यालयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असतो. त्याने एका चढाईत तीन गडी टिपले की ‘हा आता प्रो कबड्डीत जाणार’ असे भाकीत कोणीतरी करतोच. भाकीत करणाऱ्याचे काही जात नाही. परंतु त्यावर विसंबून तो मुलगा परीक्षेला बसत नाही किंवा कारखान्यातील शिकाऊ उमेदवारी सोडून देतो, तेव्हा प्रश्न केवळ खेळाचा राहत नाही. त्या मुलाचे मोल नेमके किती, आणि ते कोणी व कशाच्या आधारे ठरवावयाचे, हा तो प्रश्न आहे.

पूर्वी त्याचे उत्तर सरळ होते. चांगल्या खेळाडूला रेल्वे, पोलीस, बँक किंवा एखादी कंपनी नोकरी देत असे. मोबदला बेताचा, पण तो निवृत्तीपर्यंत पुरणारा होता. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हे गणित पालटले. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजार रुपयांची. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले गेले. त्याच लिलावात सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाची पायाभूत किंमतही ९ लाख रुपये होती. कंत्राटी कामगाराच्या घरात हा आकडा किती मोठा वाटत असेल, हे सांगावयास नको. आणि ही लीग या परिसरापासून दूर नाही. वाकडहून मुळा नदी ओलांडली की बालेवाडीचे क्रीडासंकुल लागते. २९ डिसेंबर २०२४ रोजी लीगचा अंतिम सामना तेथेच झाला आणि हरियाना स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरविले.

गुण आणि गुणवत्ता

चढाईपटूची परीक्षा सहसा त्याने मिळविलेल्या गुणांवरून केली जाते. ही मोजपट्टी फसवी आहे. मध्यरेषेपासून निदानरेषा पावणेचार मीटरवर आणि बोनस रेषा त्यापुढे एक मीटरवर असते. अंतिम रेषेपर्यंत मग उरते केवळ पावणेदोन मीटर जागा. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस गुण मिळतो. पण तेव्हाच कोपरारक्षक घोट्यावर टपलेले आणि मध्यरक्षकांची साखळी तयार असते. उलट समोर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता मोकळ्या मैदानात गुण टिपणे तुलनेने सोपे. दोन्ही गुण गुणपत्रकावर सारखेच दिसतात, परंतु त्यांचे वजन सारखे नसते.

त्याहून मोठी कसोटी तिसऱ्या चढाईची. सलग दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरीत गुण मिळवावा लागतो, नाही तर चढाईपटू बाद होतो. त्या तीस सेकंदांत तो काय करतो, संघाचे दोनच गडी उरले असता किती संयम राखतो, पकड झाल्यावर पुढच्या चढाईत त्याचे पाऊल कचरते काय, यावरून त्याची पारख होते. मातीवर घसरत जाऊन मध्यरेषा गाठणारा मॅटवर तितकाच चपळ राहील असे नाही. गावच्या स्पर्धेत त्याची उजवी लाथ कोणी अडवीत नाही. व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक ती चित्रफितीवर दहा वेळा पाहतो आणि डाव्या कोपऱ्याला तिचा तोड शिकवितो. ज्याच्याजवळ एकच डाव आहे, त्याची चमक म्हणूनच अल्पकाळ टिकते.

अमेरिकेतील धडा

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू छातीशी धरून प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीतून वाट काढणाऱ्या खेळाडूस ‘रनिंग बॅक’ म्हणतात. त्याचे काम आपल्या चढाईपटूशी बरेच जुळते. तेथील व्यावसायिक संघ दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमाने निवड करतात. त्याआधी चाळीस यार्डांची धाव, उडी, वैद्यकीय तपासणी अशी कसून चाचणी होते. तरीही पारख चुकते. १९९० मध्ये एमिट स्मिथ पुरेसा वेगवान नाही, असे अनेकांचे मत होते. सोळा खेळाडूंनंतर निवडला गेलेला हा रनिंग बॅक १८,३५५ यार्डांचा विक्रम करून निवृत्त झाला. १९९५ मध्ये टेरेल डेव्हिसचा क्रमांक १९६ वा होता. १९९८ च्या हंगामात त्याने २,००८ यार्ड धाव घेतली. उलट २०१२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर उचललेला ट्रेंट रिचर्डसन २०१४ च्या हंगामानंतर या लीगमध्ये दिसला नाही. घड्याळाने वेग मोजता येतो. फट दिसण्याआधी ती ओळखण्याची दृष्टी मोजता येत नाही. एवढी यंत्रणा असून जेथे चूक होते, तेथे दोन सामने पाहून केलेल्या भाकितावर किती भरवसा ठेवावा?

आपल्याकडील दाखले याहून बोलके आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतले. त्या हंगामात त्याने चढाईत २१८ गुण मिळविले आणि २०१९ मध्ये त्याची किंमत १ कोटी ४५ लाखांवर गेली. पुढे दुखापतीने गाठले. २०२३ मध्ये पुन्हा एक कोटीची बोली लागली, तर २०२४ मध्ये २६ लाखांची. परदीप नरवालने २०१७ च्या एकाच हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळविले होते. २०२१ मध्ये त्याला १ कोटी ६५ लाख मिळाले. २०२५ च्या लिलावात त्याला कोणीही घेतले नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार मात्र नवोदित म्हणून पुणेरी पलटणमध्ये आला, घडविला गेला आणि १ मार्च २०२४ रोजी त्याच्याच नेतृत्वाखाली पलटणने विजेतेपद मिळविले. त्यालाही पुढच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने मैदानाबाहेर बसविले. चढाईपटूची किंमत अखेर गुडघा, घोटा आणि खांदा यांवर उभी असते, हा याचा अर्थ.

जबाबदारी कोणाची?

लीगमध्ये बारा संघ आहेत आणि प्रत्येकात अधिकाधिक पंचवीस खेळाडू. म्हणजे देशभरातील आणि परदेशातील मिळून जागा फार तर तीनशे. त्यांसाठी हरियानापासून तमिळनाडूपर्यंतचे हजारो तरुण झुंजत आहेत. म्हणून महत्त्वाकांक्षा सोडावी, असे कोणी म्हणणार नाही. औद्योगिक पट्ट्यातील मुलाने आयुष्यभर यंत्रावरच उभे राहावे, असा काही नियम नाही. परंतु त्याला जोखीम पत्करावयाची असेल, तर ती डोळसपणे पत्करता आली पाहिजे. आणि तशी माहिती त्याला देणे हे त्याच्याभोवतीच्या संस्थांचे काम आहे.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत मिळालेले गुण नोंदले जातात, पण समोर किती बचावपटू होते, चढाई तिसरी होती काय, पकड कोणत्या बाजूने झाली, याचा हिशेब बहुधा राहत नाही. वही-पेन्सिल घेऊन बसणारा एक विद्यार्थीही ही नोंद ठेवू शकेल. तीन वर्षांची अशी नोंद असली तर निवड वशिल्याने किंवा टाळ्यांनी होणार नाही. महाविद्यालयांनी खेळाडूंच्या सांध्यांची वर्षातून एकदा तपासणी करवावी. दुखऱ्या गुडघ्यावर पट्टी बांधून मुलाला उपान्त्य सामन्यात उतरविणे ही शौर्याची गोष्ट नव्हे. स्पर्धेमुळे परीक्षा बुडाली तर ती पुन्हा देण्याची सोय असावी. आणि ज्या कारखान्यांना गावांनी आपल्या जमिनी दिल्या, त्यांनी स्पर्धांच्या फलकांवर नाव झळकविण्याबरोबर खेळाडूंसाठी शिकाऊ उमेदवारीच्या चार जागा राखल्या, तर ते अधिक शोभून दिसेल.

लिलावात एका खेळाडूची किंमत काही मिनिटांत ठरते आणि पुढच्या लिलावात बदलते. संघमालक पैसे खेळाच्या भरवशावर लावतो. चुकले तर त्याचा एक हंगाम जातो. तरुणाचे मात्र आयुष्यातील शिकण्याचे वय जाते. कबड्डीत चढाईपटू कितीही खोल गेला तरी दम असेपर्यंत मध्यरेषेवर परत येणे हे त्याचे पहिले कर्तव्य असते. परतीची ही वाट मुलांसाठी खुली ठेवणे, हीच त्यांच्या मोलाची खरी जाणीव होय.