तीन लाख गाठी आणि अकरा टक्के

व्यापार करारांची परिशिष्टं वाचायचा मला जुना नाद आहे. करारात दोन देशांची मैत्री असते, व्यवहार असतो तो परिशिष्टात. २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया करारात ऑस्ट्रेलियन कापसाला वर्षाकाठी ५१,००० टन शुल्कमुक्त कोटा आहे. पन्नास हजार का नाही? १७० किलोच्या गाठीने भागून पाहिलं, तर बरोब्बर तीन लाख. आकडा बसवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टन नव्हते, गिरणीच्या गोदामातल्या गाठी होत्या.

एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू यवतमाळात एकरी पाच क्विंटल झाला तरी माणूस वर्ष बरं गेलं म्हणतो. म्हणजे या तीन लाख गाठी तीन लाख एकरांच्या झाल्या, जिल्ह्यातल्या कापसाच्या पेऱ्याचा जवळपास चौथा हिस्सा. देशाच्या तीनशे लाखांच्या आसपास गाठींत हे काहीच नाही, असं दिल्लीत म्हणतील. दिल्लीतून ते काहीच नाही, हे खरं.

कोट्याबाहेरच्या कापसासाठी २०२१च्या अर्थसंकल्पाने भिंत घातली. पाच टक्के मूळ शुल्क, पाच टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि त्यावरचा अधिभार एक टक्का, असे अकरा. त्याआधी २००८पासून शुल्क शून्यच होतं. नवी भिंत २०२२ मध्ये काही महिने काढली, आणि १९ ऑगस्ट २०२५ला पुन्हा. त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर एकूण ५० टक्के कर लावला. कपडे निर्यात करणाऱ्यांना दिलासा हवा होता, तो कापसातून दिला. आधी मुदत ३० सप्टेंबर होती, मग ३१ डिसेंबर झाली. तोवर यवतमाळच्या वणी-राळेगावकडे पहिली वेचणी होऊन दुसरीही बऱ्याच घरांत आलेली असते.

भाव पडला की उरते सीसीआय, म्हणजे सरकारचं भारतीय कापूस महामंडळ. २०२५-२६च्या हंगामात क्विंटलचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता, पण तो कापसात आठ टक्के ओलावा धरून. आठच्या वर कपात, बाराच्या वर खरेदीच नाही. गाडीतल्या कापसात मीटरची सळई खुपसतात, आकडा तेरा दिसला की गाडी बाजूला. दारात खासगी व्यापारी उभाच असतो. ऑक्टोबरचा पाऊस पडून गेलेल्या शेतातला कापूस बाराच्या आत कसा यावा? आयात खुली झाली की या सरकारी काट्यावरची रांग वाढते. त्या रांगेचा हिशेब कुठल्याही परिशिष्टात नसतो.

कापसाचा बाजार खुला असावा की नाही, यावर विदर्भात जुना तंटा आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाचं स्वागत केलं. त्यांचं म्हणणं, शेतकऱ्याला लुटतं ते आपलंच सरकार. राज्य सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात पैनगंगेपलीकडे आदिलाबादला चांगला भाव असला तरी यवतमाळचा कापूस कायद्याने तिकडे नेता येत नव्हता, तेव्हा हे पटायचंही. शेतकरी नेते विजय जावंधियांचं म्हणणं उलट: अमेरिका आपल्या कापसाला अनुदान देते, मग खुल्या बाजारात आपला शेतकरी लढणार कशाने? जागतिक व्यापार संघटनेत ब्राझीलने अमेरिकेला याच अनुदानावरून खेचलं आणि २०१४ मध्ये तडजोडीत ३० कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. त्या खटल्यात भारत त्रयस्थ पक्ष म्हणून बसला होता. नुसता बसला होता.

दोघांपैकी बरोबर कोण? माझ्या मते दोघंही, कारण सरकारने दोघांचंही ऐकलं नाही. ५ मार्च २०१२ला बाहेर मागणी असताना कापसाची निर्यात बंद केली. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनाही विचारलं नव्हतं, अशी त्यांचीच तक्रार होती. २०२५ मध्ये आयात मोकळी केली. बाजार खुला ठेवायचा तेव्हा बंद, बंद ठेवायचा तेव्हा खुला. जोशींचं स्वातंत्र्य मिळालं नाही आणि जावंधियांचं संरक्षणही.

यवतमाळ जिल्ह्याच्या खासदार-आमदारांकडे एवढंच मागणं आहे: कापसाचं आयात शुल्क काय राहणार, ते दरवर्षी मे महिन्यात जाहीर करायला लावा आणि पुढची वेचणी संपेपर्यंत त्याला हात लावू देऊ नका. शेतकरी बियाण्याची पाकिटं जूनमध्ये घेतो, ऑगस्टमध्ये नव्हे.