समांतर मंडलातील विद्युत्प्रवाहाचा जमाखर्च

चारीतून आलेले पाणी अनेक वाफ्यांत विभागले तरी त्या सर्वांची बेरीज मूळ पाण्याइतकीच भरते, हे भडगावाकडे गिरणेच्या पाण्यावर दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. तोच जमाखर्च गुस्ताव किरखोफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ साली विद्युत्प्रवाहाच्या बाबतीत नियमबद्ध केला.

आपल्या घरातील दिवा, इस्त्री आणि पाणी तापविण्याची कांडी ही उपकरणे समांतर जोडलेली असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण २३० व्होल्ट येतात, आणि म्हणूनच एक दिवा गेला तरी दुसरा विझत नाही. वॅटच्या आकड्याला २३० ने भागावे: १०० वॅटचा जुना तारेचा दिवा ०.४३ अँपिअर घेतो, १००० वॅटची इस्त्री ४.३५ आणि १५०० वॅटची कांडी ६.५२; एकूण ११.३० अँपिअर.

या हिशेबातील सर्वांत रमणीय भाग मला पुढचा वाटतो. कांडीचा रोध सुमारे ३५ ओहम, इस्त्रीचा ५३, दिव्याचा ५२९. परंतु तिन्हींचा मिळून रोध, म्हणजे २३० भागिले ११.३०, केवळ २०.४ ओहम, सर्वांत लहान रोधाहूनही कमी, कारण प्रत्येक नवे उपकरण प्रवाहाला आणखी एक वाट मोकळी करून देते.

थंडीच्या दिवसांत पहाटे हीच कांडी ६ अँपिअरच्या लहान सॉकेटात खोचलेली मी पाहिली आहे; पिनांभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडून हाताला चटका देत होते. तिला १६ अँपिअरचेच सॉकेट द्यावे.